पेशंटबरोबर एकच माणूस

परदेशात गेल्यावर मास्तरला मास्तर म्हणायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. घरी असताना तो गणिताचे खासगी क्लास घ्यायचा. मग बायकोला पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि मास्तर क्लासला कुलूप लावून तिच्या मागोमाग गेला. ती परवान्यावर, आणि हा तिच्या परवान्याच्या शेपटाला धरून. त्याच्या ओळखपत्रावर ठळक अक्षरात छापलेलं होतं, की या इसमास काम करण्याची परवानगी नाही. भांडी साचली की तो ते ओळखपत्र खिशातून काढून बायकोपुढे धरायचा. ती त्याच्या हातात घासणी द्यायची आणि म्हणायची, "मास्तर, हे काम नाही, ही सेवा आहे. सेवेला परवाना लागत नाही."

असं चाललं होतं, आणि बरं चाललं होतं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले, तेव्हा मास्तरने स्वयंपाकाचं इतकं मनावर घेतलं की ती म्हणाली, बाळ माझ्या पोटात आहे, पण डोहाळे तुला लागलेत.

सहावा महिना सरत आला आणि कंपनीने प्रयोगशाळाच बंद करायचं ठरवलं. पाणी आता दुसऱ्या शहरात तपासलं जाणार होतं. तिच्याबरोबरच्या सगळ्यांनाच नारळ मिळाला. बाकीच्यांची नुसती नोकरी गेली. हिची नोकरी गेली म्हणजे परवाना गेला, आणि परवान्याबरोबर मास्तरही गेला. काही आठवड्यांची सवलत होती. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा.

अशा वेळी आपली माणसं मामांकडे जात. मामा खरं तर कुणाचेच मामा नव्हते. हिशेबनीस होते, पण तिथे अर्धं आयुष्य काढल्यामुळे परवाने, मुदती, मुदतवाढी हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं, आणि ते फुकट सांगण्याची त्यांना हौस होती. पहिल्या भेटीत ते स्वतःच म्हणाले, "इथे तुम्हाला पुष्कळ जण मामा बनवतील. म्हणून लोक आधी मूळ मामाकडे येतात."

मामींनी चहा ठेवला. मामांनी चष्मा पुसला आणि एकेक रस्ता उघडून दाखवायला सुरुवात केली.

"सगळ्यात सोपं म्हणजे विमानात बसा आणि घरी जा. बाळंतपण आईच्या डोळ्यांसमोर होईल."

"डॉक्टर पत्र देत नाहीत," मास्तर म्हणाला. "हिचं ब्लडप्रेशर चढतंय. आणि पत्राशिवाय विमान कंपनी बसू देत नाही."

"मग दुसरी नोकरी."

तिने मान हलवली. नोकरीसाठी तिने आकाशपाताळ एक केलं होतं. मुलाखती पडद्यावर व्हायच्या, तेव्हा ती खुर्ची टेबलाच्या आत सरकवून फक्त खांद्यापर्यंत दिसेल अशी बसायची. एका ठिकाणी तर दुसऱ्या फेरीपर्यंत गेलं होतं. कधीपासून रुजू व्हाल, असं विचारल्यावर तिला खरं सांगावं लागलं. पलीकडच्या बाई फार गोड हसल्या, मनापासून अभिनंदन म्हणाल्या, आणि त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

"मास्तरने विद्यार्थी व्हायचं, आणि हिने त्याच्यामागे यायचं?" मामी मध्येच म्हणाल्या.

"सत्र सुरू व्हायला अवकाश आहे. तोवर हे कुणाच्या आधारावर राहणार?" मामांनी तो रस्ता बंद केला. "आणि एक लक्षात ठेवा. मूल इथे जन्मलं म्हणून इथलं होत नाही. ते तुमच्याच देशाचं. त्यामुळे त्याच्या जिवावर तुम्हाला राहता येईल, हे डोक्यातून काढून टाका."

"म्हणजे काहीच नाही का?" तिने विचारलं.

"आहे. गर्भारपणात प्रवास धोक्याचा आहे, असं डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं आणि दोघांनी मुक्काम वाढवून मागायचा. देतात. माणुसकीच्या नात्याने देतात."

आणि खरंच दिला. पत्र आलं तेव्हा दोघांनी ते आळीपाळीने वाचलं. त्यात लिहिलं होतं, की अर्जदार व तिच्या पतीस प्रसूतीपर्यंत आणि त्यानंतर प्रवासाच्या तयारीसाठी अल्पकाळ राहण्याची मुभा देण्यात येत आहे. मास्तरने ते फ्रिजच्या दारावर लावलं. नोकरी गेल्यापासून त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा पोटभर जेवला.

प्रसूतीपर्यंत, या शब्दाकडे तेव्हा कुणाचंच लक्ष गेलं नाही. प्रसूती ठरल्या वेळीच होणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

आठवा नीट लागलाही नव्हता. एका सकाळी ती उठली ती डोकं धरूनच. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत म्हणाली. इस्पितळात गेल्यावर तिला धावतच आत नेलं. कुणीतरी त्याच्यापुढे कागद धरला आणि त्याने सही केली. दुपारपर्यंत तो बाप झाला होता.

मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवलेली, नाकात नळ्या, पायाला वायर, डोक्यावर विणलेली टोपी, आणि ती टोपीही मोठी होणारी. बायकोला दोन दिवसांनी चाकाच्या खुर्चीतून तिथे नेलं. ती बराच वेळ काचेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "शेंगेएवढी आहे रे." तेव्हापासून मुलीचं नाव शेंग पडलं.

आता लवकर जन्मून शेंगेने एक गोष्ट केली होती, जी मामांनी फोनवर चाचरत सांगितली. "अरे मास्तर, मुभा प्रसूतीपर्यंतची होती."

"हो."

"प्रसूती झाली ना आता."

मास्तरला हे कळायला थोडा वेळ लागला. मूल दोन महिने आधी आलं, म्हणून त्यांचे त्या देशातले दोन महिने कापले गेले होते. 'अल्पकाळ' सुरूही झाला होता. आणि शेंगेला पेटीतून बाहेर काढण्याचं नावही कुणी घेत नव्हतं.

"यावर काही उपाय?"

"आहे," मामा म्हणाले, पण या वेळी त्यांच्या आवाजात ती हौस नव्हती. "पोरीला पेशंट म्हणून परवाना मिळतो. उपचार संपेपर्यंत. पेशंट एकटी राहू शकत नाही, म्हणून तिच्याबरोबर सोबतीला माणूस राहू देतात. पण त्यासाठी आधी पोरीचा पासपोर्ट पाहिजे."

झालं. जन्माचा दाखला काढण्यासाठी एका कचेरीत, पासपोर्टसाठी आपल्या वकिलातीत, आणि मध्ये रोज दोनदा इस्पितळात, असा मास्तर वरातीतल्या घोड्यासारखा सजूनधजून हिंडू लागला. सजून अशासाठी, की कचेरीत माणूस नीटनेटका दिसला तर काम होतं, असं त्याला उगीचच वाटायचं. रोज इस्त्रीचा शर्ट घालायचा. पासपोर्टसाठी मुलीचं नाव लागणार होतं. घरच्यांना विचारायला सवड नव्हती. इस्पितळाच्या जिन्यात उभं राहून दोघांनी ते ठरवलं, आणि अर्जात लिहून होईपर्यंत त्यालाच ते नाव परकं वाटायला लागलं.

नावापर्यंत निभावलं, पण फोटोवर गाडं अडलं. वकिलातीतल्या कारकुनाने फोटो खिडकीतून परत सरकवला.

"नळी दिसतेय. चेहऱ्यावर काही चालत नाही."

"ती नळी प्राणवायूची आहे," मास्तर म्हणाला.

"असेल. माझ्या हातात काही नाही हो. वरून परत येईल तो." कारकून आपलाच माणूस होता, आपल्याच भाषेत बोलत होता, आणि त्याला वाईटही वाटत होतं. मास्तरला वाटलं, हा उर्मट असता तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

बाळांच्या विभागातली मोठी सिस्टर उंच आणि मितभाषी होती. मास्तरने तिला फोटोचं सांगितलं, तेव्हा तिने आधी साफ नाही म्हटलं. फोटोसाठी मी श्वास काढून घेणार नाही, म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी आपणहून त्याला हाक मारली. नळीची चिकटपट्टी बदलायची होती. तेवढ्यापुरता चेहरा मोकळा होणार होता.

"मी पट्टी काढेन, तुम्ही फोटो काढा. मी बस म्हटलं की बस. आणखी एक काढू का म्हणून विचारायचं नाही."

मास्तरने फोन दोन्ही हातांनी धरला. सिस्टरने हलक्या बोटांनी पट्टी सोडवली आणि नळी बाजूला केली. आपल्या मुलीचा चेहरा त्याने तेव्हा प्रथमच सगळा पाहिला. गालांवर पट्टीचे लाल ओरखडे होते. ओठांचा आकार बायकोसारखा होता. त्याला हे नीट बघायचं होतं, आणि फोटोही काढायचा होता. दोन्ही जमेना. यंत्राने कसलातरी बारीक आवाज करायला सुरुवात केली, आणि शेंगेचा रंग त्याच्या डोळ्यांदेखत बदलू लागला.

"बस," सिस्टर म्हणाली.

फोटो हलला होता, पण चेहरा ओळखू येत होता. डोळे मिटलेले होते. कारकुनाने तो घेतला. तान्ह्याला डोळ्यांची सूट आहे, म्हणाला.

पासपोर्ट आला. तो घेऊन मास्तर आणि मामा परवान्यांच्या कचेरीत गेले. काउंटरवर मध्यमवयीन अधिकारी बाई होत्या. त्यांनी इस्पितळाचं पत्र पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं, आणि मुलगी कशी आहे, असं विचारलं. वजन वाढतंय का, दूध पचतंय का. मास्तरला इतकं बरं वाटलं की त्याने सगळं भडाभडा सांगितलं.

"पेशंटचा परवाना आजच देते," त्या म्हणाल्या. "सोबतीला कोण राहणार?"

"आम्ही दोघं."

"पेशंटबरोबर एकच माणूस."

मास्तर मामांकडे बघायला लागला. मामा जमिनीकडे बघत होते. त्यांना ठाऊक होतं. सांगायची छाती झाली नव्हती.

"पण ती एवढीशी आहे," मास्तर म्हणाला. "आणि बायकोचं ऑपरेशन झालंय. तिला अजून बादली उचलता येत नाही. पेशंट खरं तर दोन आहेत."

"तुमच्या पत्नीचे उपचार संपलेत. कागदावर त्या पेशंट नाहीत." बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी वर विचारून बघते."

त्या खरंच आत गेल्या. बराच वेळ गेला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच काय ते कळलं. नियमात दोन माणसं बसत नव्हती. "तुम्ही नंतर पाहुणे म्हणून अर्ज करू शकता," त्या म्हणाल्या. "पण तो तुमच्या देशातून करावा लागेल."

संध्याकाळी मास्तरने बायकोला हे सांगितलं तेव्हा ती पंपाने दूध काढत बसली होती. तिने हातातलं काम थांबवलं नाही. कोण राहणार हा प्रश्नच नव्हता. दूध तिच्याजवळ होतं.

"म्हणजे आता मी तिच्यावर अवलंबून," ती म्हणाली. "परवाना शेंगेचा, आणि मी तिची सोबतीण."

"आणि मी?"

"तू कुणाचाच कुणी नाहीस, मास्तर." तिने ते चेष्टेत म्हटलं होतं. पण बाटलीचं झाकण तिने नको तितकं घट्ट लावलं.

जायच्या आधीच्या दिवसांत मास्तरने जे हाताला लागेल ते केलं. मोठं घर सोडलं, इस्पितळाजवळ तिच्यासाठी एक खोली बघितली, सामान तिकडे हलवलं. स्वयंपाक करून करून डबे बर्फात गोठवून ठेवले. इतके, की फ्रिजचं दार लागेना. नळाची गळकी चकती बदलली, जी चांगली होती तीही बदलली. मामींनी रोज एक खेप घालायचं कबूल केलं होतं, तरी तो त्यांना भेटेल तेव्हा पुन्हा पुन्हा विचारायचा, आणि त्या न कंटाळता पुन्हा पुन्हा हो म्हणायच्या.

सिस्टरने त्याला शब्द दिला होता. जायच्या दिवशी शेंगेला पेटीतून काढून थोडा वेळ त्याच्या उघड्या छातीवर ठेवू, म्हणाली होती. आईच्या छातीवर ती दोनदा राहिली होती. मास्तर त्या दिवशी पहाटेच उठून खसखसून अंघोळ करून गेला. बटणांचा सैल शर्ट घातला होता.

सिस्टर दारातच भेटली. रात्रीपासून शेंगेला ताप होता. संसर्ग असावा, रक्त तपासायला पाठवलं होतं. पेटी उघडायची नव्हती.

"हात तरी?" मास्तरने विचारलं.

"आज नाही."

तो काचेपाशी उभा राहिला. शेंग पलीकडे तोंड करून झोपली होती. त्याला तिची पाठ दिसत होती आणि टोपी. बायको शेजारी येऊन उभी राहिली. टॅक्सी खाली थांबली आहे, असं मामांनी येऊन सांगितलं. मास्तर म्हणाला, ती कूस बदलेल एवढ्यात. मामा परत गेले. पुन्हा आले. शेंगेने कूस बदलली नाही.

"जा आता," बायको म्हणाली. "विमान चुकलं तर तेही नियमात बसायचं नाही."

घरी आईने दार उघडलं. मुलगा एकटा, खांद्यावर एक पिशवी. तिने काही विचारलं नाही, पान वाढलं. विचारायला बाकीचे होते. बाळ कुणावर गेलंय, हा प्रश्न मास्तरला दिवसातून चारदा तरी यायचा. ओठ आईचे आहेत, एवढं तो सांगायचा, कारण तेवढंच त्याने पाहिलं होतं. तू पुढे कसा आलास, त्यांना तिकडे टाकून, असंही एका आत्याने विचारलं. मास्तर समजावून सांगायला लागला. परवाना, प्रसूतीपर्यंत, पेशंट, एकच माणूस. आत्या ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "ते सगळं खरं, पण आलास कसा?"

त्याने पाहुणा म्हणून अर्ज केला. लग्नाचा दाखला, मुलीचा दाखला, इस्पितळाचं पत्र, सगळं जोडलं. उत्तर आलं, की अर्जदाराची पत्नी व अपत्य सदर देशात असल्याने अर्जदार मुदतीत परत जाईल याची खात्री वाटत नाही. सबब अर्ज नामंजूर.

त्याने मामांना फोन लावला. "ज्या कारणासाठी जायचंय, तेच कारण दाखवून नाही म्हणतात."

"खरं सांगू का?" मामा म्हणाले. "मी त्या खुर्चीत असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं. तू परत आला असतास का, सांग बरं."

मास्तरने फोन ठेवून दिला.

क्लास पुन्हा सुरू केला. पोरं आली. रोज दुपारी क्लासच्या मधल्या वेळात बायकोचा फोन यायचा, आणि ती पडद्यावर शेंगेला दाखवायची. ताप उतरला. नळी एकदा निघाली, पुन्हा लागली. वजन वाढत होतं. मास्तर कधी पडद्यावर बोट ठेवायचा, की पडद्यातली शेंग नेमकी मोठी होऊन नाकच तेवढं दिसायचं.

मग एकदा दोन दिवस बायको फक्त बोलली, चित्र दाखवलं नाही. नेट धड चालत नाही, म्हणाली. तिसऱ्या दिवशी शेंग दिसली, झोपलेली, जरा फिकी. मास्तरने मनावर घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात मामींचा फोन आला तो दुसऱ्याच कशासाठी. बोलता बोलता त्या भोळेपणाने म्हणाल्या, "पोरीने अगदी पाणी पाजलं रे आम्हाला. श्वासच थांबवून बसली. मोठ्या यंत्रावर ठेवावं लागलं. आता बाकी छान आहे हो."

मास्तरने वर्गातल्या मुलांना गणितं घातली आणि गॅलरीत जाऊन बायकोला फोन लावला.

"मला का नाही सांगितलंस?"

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता.

"तुला सांगून काय होणार होतं?" ती म्हणाली. ती रागावली नव्हती. खरोखरच विचारत होती. "तू तिथे जेवला नसतास. मग मला तुझी काळजी. मला तेव्हा एकाच माणसाची काळजी करता येत होती, मास्तर."

मुलं आतून, सर, झालं, सर, झालं, म्हणून ओरडत होती. तो आत जाऊन वह्या तपासायला लागला. एक बरोबर आलेलं उत्तर त्याने चूक ठरवलं, आणि त्या पोराने दाखवून दिल्यावर त्याची माफी मागितली.

शेवटी शेंगेला सोडलं. इस्पितळाने सोडल्याचा कागद दिला, त्या दिवशी पेशंट पेशंट राहिली नाही, म्हणून परवानाही संपला, आणि मायलेकी मामींनी भरलेल्या पिशव्यांसह विमानात बसल्या. मास्तर आणि आई आणायला गेले. काचेच्या दारातून बायको बाहेर आली ती त्याला आधी ओळखूच आली नाही. वाळली होती, आणि चालणं भरभर झालं होतं. शेंग तिच्या छातीशी बांधलेली होती. तिने गाडीत बसता बसता ती गाठ सोडून शेंगेला मास्तरच्या हातात दिलं.

"मान धर. अशी नाही. तळवा खाली. हां."

शेंगेने त्याच्याकडे पाहिलं. मग तोंड वाकडं केलं आणि जी रडायला लागली ती घर येईपर्यंत.

"सवय होईल," बायको म्हणाली.

दुपारी दूध पाजून ती आडवी झाली आणि मेल्यासारखी झोपली. कितीतरी महिन्यांची झोप तिची राहिली होती. शेंग उठली आणि पुन्हा रडायला लागली. मास्तरच्या आईने घेऊन पाहिलं, गाणं म्हणून पाहिलं, उन्हातून फिरवून आणलं. तिचे हात भरून आले. मग मास्तरने घेतलं. कपडे पाहिले, कोरडे होते. खांद्यावर घेतलं, मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला. कशालाच दाद नाही. बायकोला उठवावं, असं आई दोनदा म्हणाली. त्याने मान हलवली आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग तो शेंगेला घेऊन खिडकीपाशी उभा राहिला आणि ती रडत राहिली. लाल झाली, मुठी आवळल्या, उसंत घेऊन पुन्हा रडली. तिला काय हवंय ते त्याला कळत नव्हतं, आणि तिला सांगता येत नव्हतं. पुष्कळ वेळाने ती दमून झोपली.

बायको बाहेर आली तेव्हा दिवस कलला होता. तिने शेंगेच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"रडली का?"

"पुष्कळ."

"मग तू काय केलंस?"

"काही नाही," मास्तर म्हणाला. "उभा होतो."

तिने पाजायला शेंगेला त्याच्या हातातून घेतलं. "मी पण तिकडे तेच करत होते," ती म्हणाली, आणि पदर सावरून भिंतीशी टेकून बसली.